मंत्रचळ आणि विद्यार्थी

मंत्रचळ हा मराठींतला जुना शब्द. मंत्र जपतांना चूक होऊन बुद्धीस येणारा भ्रम, हा त्याचा मूळचा अर्थ. आज मानसवैद्य तोच शब्द एका विकारास लावतात: नकोसा विचार मनांत वारंवार घुसतो, आणि त्याची भीति शमविण्यासाठीं माणूस तेंच तें कृत्य करीत राहतो. ज्यास आपण फाजील सोवळें किंवा अतिकाळजी म्हणून हसतों, त्यांत कधीं कधीं हा विकार लपलेला असतो.

आम्ही राहतों तें काल्हेर गोदामांचें गांव. रात्रीं पहारेकरी कुलुपास एकदां हिसका देतो व निश्चिंत होतो. ही निश्चिंतता आमच्या शेजारच्या विद्यार्थ्याच्या वांट्यास नाहीं. ठाण्यास परीक्षेला निघतांना प्रवेशपत्र पिशवींत आहे ना, हें तो घरीं सात वेळां पाहतो. कशेळीच्या पुलावर बस आली कीं पुन्हा पाहतो. आसनक्रमांक बरोबर लिहिला कीं नाहीं, या तपासणींत गेल्या सत्रांत त्याची एक उत्तरपत्रिका अर्धी कोरी राहिली. हें निरर्थक आहे, हें त्यास कळतें. कळूनही सुटत नाहीं, हेंच त्याचें दुःख.

आई मायेनें म्हणते, "आहे रे बाळा, मीं पाहिलें." क्षणभर बरें वाटतें, पण तो दिलासाच पुढच्या शंकेचें खाद्य होतो. १९६६ सालीं लंडनमधील मानसतज्ज्ञ व्हिक्टर मायर यांनीं दाखविलेली वाट उलट आहे: भीतीस सामोरें जावयाचें, आणि कृत्य मात्र करावयाचें नाहीं. हें जाणत्याच्या देखरेखीखालीं, थोडें थोडें करावें लागतें. जोडीस औषधेंही उपयोगी पडतात. घरच्यांनीं शंकेस उत्तर न देतां जवळ बसून राहणें, हाच आमच्या मतें खरा आधार होय.

आतां महाविद्यालयांविषयीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत मानसिक आजाराचा समावेश आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेंत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें सांगितलें. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेलि-मानस सेवाही आहे. साधनें आहेत, पण लोक वेडा म्हणतील या भयानें मुलाचें पाऊल उचलत नाहीं. कोरें पान पाहून केवळ शून्य न मांडतां, "काय झालें?" असें हळूच विचारणारा एक शिक्षक भेटला, तर तें पाऊल उचलेल, असा आमचा विश्वास आहे.