साक्ष आणि निकाल

रोगाचें नांव कळलें कीं अर्धा रोग बरा झाला, अशी आपल्या घरांतून एक समजूत असते. डॉक्टरांनीं एखादा भारदस्त शब्द उच्चारला कीं मंडळींच्या जिवाला हायसें वाटतें, आणि मग औषध कितीहि महाग असो, तें आणावयास मनुष्य आनंदानें धांवतो. वस्तुतः नांव कळणें आणि कारण कळणें या अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद मला कोणा तर्कशास्त्र्यानें नव्हे, तर एका जुन्या मालमोटारीनें नीट समजावून दिला.

आमचें गांव बदलापूर. पूर्वीं येथें प्रवासांतले घोडे बदलीत म्हणून हें नांव पडलें, असें वृद्ध मंडळी सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, थकलेला घोडा देऊन ताजा घेण्याची ती सोय आतां उरली नाहीं. आतां दुसऱ्यानें थकविलेलें वाहन आपण ताजें समजून घेतों. आमच्या थोरल्या वहिनींचा भाजणी, मेतकूट आणि मसाले यांचा घरगुती उद्योग डोंबिवली-ठाण्यापर्यंत पोंचला, तेव्हां त्यांच्या चिरंजीवांनीं पेट्रोल आणि सीएनजी या दोन्हींवर चालणारी २०१८ सालची एक लहान मालमोटार विकत घेतली. पैसे एकट्याचे नव्हते. घरांतील चौघांच्या ठेवी त्यासाठीं मोडल्या होत्या. दोन महिने गेले नाहींत तोंच चालकापुढील फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिंवळा दिवा लागला.

एका गॅरेजवाल्यानें स्कॅनर जोडून ‘पी ०४२०’ हा कोड वाचला आणि तत्काळ निकाल दिला : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवा घाला. किंमत ऐकून घरांत शांतता पसरली. दुसऱ्या एका हितचिंतकानें स्वस्तांतला उपाय सुचविला : आंतला भाग फोडून नळी पोकळ करा, म्हणजे प्रश्न मिटला! वहिनी तेवढ्या शांत होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, “अरे, करपल्याचा वास आला म्हणून कोणी आधीं कढई बदलतं का? आधीं आंच बघतात.”

हा कन्व्हर्टर म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. धुराच्या नळींत बसविलेली ती एक पोलादी डबी असते. तिच्यांत मधाच्या पोळ्यासारखा असंख्य बारीक छिद्रांचा चिनीमातीसारखा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. इंजिनांतून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साईड आणि अर्धवट जळलेलें इंधन यांचें येथें कार्बन डायॉक्साईड आणि वाफ यांत रूपांतर होतें, व नत्राचीं घातक संयुगें मोडून साधा नत्रवायु होतो. लेप स्वतः खर्ची पडत नाहीं. लग्न जुळवून देऊन स्वतः अलिप्त राहणाऱ्या मध्यस्थासारखें त्याचें वर्तन असतें. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्यानें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या कल्पनेवर काम केलें. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथील नव्या पेट्रोल मोटारींना १ एप्रिल १९९५ पासून तो सक्तीचा झाला, आणि त्याबरोबरच शिसें नसलेलें पेट्रोलहि आणावें लागलें. कारण शिसें हें त्या लेपाचें विष.

आतां कोडची गोष्ट. कन्व्हर्टरच्या पुढें एक व मागें एक असे दोन प्राणवायु-सेन्सर असतात. इंजिन तापल्यावर पुढच्याचा विद्युत्-दाब साधारणतः ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सारखा वरखालीं होत असतो. कन्व्हर्टर सुदृढ असेल तर तो प्राणवायु सांठवितो व सोडतो. त्यामुळें मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ स्थिर राहते. मागची रेघहि पुढचीसारखी नाचूं लागली, कीं गाडींतील संगणक ‘पी ०४२०’ लिहून ठेवतो. बहुतेक गाड्यांत हा प्रकार लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळला म्हणजे मग दिवा लागतो. म्हणजे कोडचा अर्थ एवढाच कीं, शुद्धीकरण अपुरें झालेलें मागच्या सेन्सरला दिसलें. ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून कोणास शिक्षा ठोठावणें हा न्याय नव्हे.

ती उलटतपासणी काटई-कर्जत रस्त्यावरील एका मिस्त्रींनीं केली. ते म्हणाले, “काका, मागचा सेन्सर बोलतोय हें खरं, पण तो कुणाच्या सांगण्यावरून बोलतोय तें आधीं बघूं.” प्रथम त्यांनीं दुसरे कोड शोधले. ‘पी ०३०२’, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरांत ठिणगी चुकते, हा कोड अद्याप दिव्यापर्यंत न पोंचतां प्रतीक्षेंत होता. मग त्यांनीं दोष नोंदला गेला त्या क्षणींचा वेग, भार आणि उष्णता यांची संगणकांतील नोंद वाचली. दोष चढावर, भरल्या गाडींत घडला होता. त्यानंतर थंड इंजिन सुरू करून नळीच्या सांध्यांपाशीं कान लावला. इंजिन आणि कन्व्हर्टर यांमधील सांध्याचें गॅस्केट जळलें होतें आणि तेथें काजळीची बारीक रेघ उमटली होती. अशा फटींतून धूर बाहेर जातो, पण प्रत्येक ठोक्यामागें बाहेरची हवाहि आंत ओढली जाते. तिच्यांतील प्राणवायु मागच्या सेन्सरला दिसतो आणि तो बिचारा खोटी परंतु प्रामाणिक साक्ष देतो.

गॅस्केट बदललें, झिजलेले प्लग बदलले, कोड पुसला. नव्या कन्व्हर्टरच्या किमतीच्या मानानें हा खर्च किरकोळ होता. ठिणगी चुकली कीं न जळलेलें इंधन कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें आणि आंतील ठोकळा वितळूं शकतो. म्हणून मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर घातला असता, तर तोहि यथावकाश जळाला असता. पुढील आठवडाभर कर्जतच्या फेऱ्या झाल्यावर संगणकानें आपल्या सर्व चांचण्या पुऱ्या केल्या. मागची रेघ स्थिर होती. “नवा असल्यासारखा नाहीं, पण कामाचा आहे,” असें मिस्त्रींनीं सांगितलें. त्यांच्या या मोजक्या बोलण्यावरच माझा अधिक विश्वास बसला.

पोकळ नळीचा उपाय मात्र घरांतील कोणालाच रुचला नाहीं. वाहनाच्या मूळ घडणींत असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें निषिद्ध आहे, हें एक कारण. दुसरें कारण आमच्याच माजघरांत बसलेलें असतें : दम्यानें बेजार झालेली माझी आई. तिच्या खिडकीखालीं ती गाडी रोज पहांटे भरली जाते. सेन्सरला फसवितां येईल. तिच्या छातीला कसें फसविणार?

जुनें वाहन घेणाऱ्यांसाठीं दोन शब्द सांगतों. विकणारा कोड पुसून देऊं शकतो, आणि मग स्कॅनरवर ‘दोष नाहीं’ असें दिसतें; परंतु कोड पुसतांच संगणकाच्या आत्मपरीक्षणाच्या चांचण्याहि बहुधा ‘अपूर्ण’ होऊन बसतात. दोष नाहीं आणि चांचणीहि नाहीं, असें दिसल्यास गाडी आणखी कांहीं दिवस चालवून पुन्हां तपासल्यावांचून पैसे देऊं नयेत. दुसरें, आमच्या भागांत गाडी पुरांत उभी होती काय, हें अवश्य विचारावें. २६ जुलै २००५ चा प्रलय कोण विसरेल? आणि २७ जुलै २०१९ रोजीं तर उल्हास नदीच्या पाण्यानें बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसलाच वेढा घातला होता. तापलेल्या कन्व्हर्टरवर अकस्मात् थंड पाणी आलें, तर आंतील ठोकळ्यास तडा जाण्याचा संभव असतो, आणि तो बाहेरून दिसत नाहीं.

यंत्रें आतां बोलूं लागलीं आहेत, ही सोय खरीच. पण जो प्रथम ओरडतो तोच अपराधी, असें मानण्याची आपली खोड त्यामुळें गेलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हें अधिक सांगावयास नको. स्वयंपाकघरांत भांडें आपटलें, तर दोष भांड्याचा क्वचितच असतो.