डी-दोन म्हणजे कुठलं?

कोडोलीच्या सुताराला ऑटोकॅडमधला ब्लॉक (एकदा काढून, नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायची आकृती) म्हणजे काय हे माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. त्याला आकडा हवा असतो. डी १ किती, डी २ किती, चौकट कसली. नकाशात दाराशेजारच्या वर्तुळात ‘डी २’ लिहिलेलं असतं आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात ‘७५० बाय २१००, नग ४’. भिंती गवंडी टेप लावून पुन्हा मोजतो. वर्तुळातलं अक्षर मात्र कुणी तपासत नाही, त्यावर सरळ लाकूड कापलं जातं.

*

एका दाराला खरं तर तीन नावं लागतात. पहिलं ब्लॉकचं, ते फक्त काढणाऱ्याला दिसतं. दुसरं प्रकाराचं, म्हणजे डी २. तिसरं त्या एकट्या दाराचं: वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचं. दोन खोल्यांच्या घरात तिसऱ्याची गरज पडत नाही. वसतिगृहाचा प्लॅन आला की पडते, कारण सगळी दारं सारखी असली तरी कुलपं सारखी नसतात. आणि डेअरीच्या ले-आउटमध्ये तर सगळा कारभार तिसऱ्या नावावर. एकाच मापाचे दोन पंप शेजारी बसले की एक ‘पी-१०१ ए’, दुसरा ‘पी-१०१ बी’. कुठला बंद करायचा, हे ऑपरेटरला त्या शेवटच्या अक्षरावरून कळतं.

तिन्ही कामं एकाच नावावर लादली की घोळ सुरू.

*

१९६३ साली आयव्हन सदरलँडने एमआयटीत ‘स्केचपॅड’वर प्रबंध लिहिला. त्यात ब्लॉकची कल्पना जवळजवळ आहे तशी सापडते: एक मूळ आकृती, तिच्या हव्या तेवढ्या प्रती, मूळ बदललं की प्रतीही बदलणार. ऑटोकॅड बाजारात आलं १९८२च्या डिसेंबरात. कोडोलीजवळच्या वारणानगरचं तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं, म्हणजे दोघं एका वयाचे.

तरी टेबलावर पुढे बरीच वर्षं मिनी-ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर आणि प्लॅस्टिकची टेम्प्लेट. बेसिन, कमोड, दाराचं पाव वर्तुळ त्यात कापलेलं असायचं. त्या भोकांना नाव द्यायची वेळ कधी आली नाही. बोट ठेवलं की झालं.

*

नाव कसं असावं हे शिकायला शिवाराच्या पलीकडे जायला नको. को ८६०३२ हा ऊस घ्या. ‘को’ म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल, ०३२ हा अनुक्रमांक. कुठला, कधीचा, कितवा, बास. उतारा किती पडतो, पाणी किती लागतं, खोडवा कसा येतो, यातलं काहीही नावात नाही, कारण ते रानागणिक बदलतं.

ब्लॉकच्या नावातही न बदलणारं तेवढंच घालावं. ‘दार-एकपाखी’ पुरे. माप, सागवान की फ्लश, कुठल्या खोलीचं, हे ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे ब्लॉकला जोडलेल्या माहितीच्या रकान्यांत. मापसुद्धा नावात घालणारे आहेत (‘दार-एकपाखी-९००’), त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘दार-नवीन’, ‘दार-नवीन-२’ आणि ‘दार-फायनल-पाटील’ यांच्याशी.

*

नाम आधी, विशेषण मागून. यादी अक्षरानुक्रमे लागते. ‘एकपाखी-दार’ आणि ‘सरकतं-दार’ असं लिहिलं की एक वर जाऊन बसतं, दुसरं पार खाली. ‘दार’ पुढे घेतलं की सगळं कुटुंब एका ठिकाणी.

तसंच शून्याचं. तक्ता एक्सेलमध्ये नेला की डी १ नंतर डी १० येतो आणि मग डी २. डी ०१ लिहिलं की प्रश्न मिटतो. सुतार म्हणतो, “ह्ये शून्य कशाला?” म्हणू दे.

*

‘गव्हाण’ नावाचा ब्लॉक. गोठ्याच्या प्लॅनमध्ये ती जनावरांपुढची, वैरणीची. साखर कारखान्याच्या ले-आउटमध्ये ती ऊस गाळपाला नेणारी, जिच्यात हंगामाच्या पहिल्या दिवशी पूजा करून मोळी टाकतात. वारणानगरला बसून काम करणाऱ्याकडे दोन्ही प्लॅन येऊ शकतात, आणि ऑटोकॅडला एका फाइलमध्ये एका नावाची एकच व्याख्या चालते. गोठ्याच्या फाइलमध्ये कारखान्याची गव्हाण पेस्ट केली तर ती येत नाही. आधी आत बसलेली, गोठ्याचीच, तिच्या जागी उमटते. कमांड लाइनवर एक बारीक सूचना येऊन जाते. ती वाचतो कोण?

दोन्ही एका फाइलमध्ये कशाला येतील, असं कुणी म्हणेल. पण जुनी फाइल उघडायची, आतलं सगळं पुसायचं आणि त्यावरच नवं काम सुरू करायचं, ही सवय प्रत्येक ऑफिसात आहे. रेषा पुसल्या तरी व्याख्या आत राहते. पर्ज केल्याशिवाय हलत नाही.

गव्हाणीचा घोळ निदान डोळ्याला दिसतो. दाराचा दिसत नाही. एका ऑफिसचा ‘डी १’ १००० मिलिमीटरचा, दुसऱ्याचा ९००चा. १:१००च्या प्रिंटवर हा फरक १ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढा. साइटवर मात्र चार इंच. म्हणून ब्लॉकचं नाव ‘डी १’ कधीच ठेवू नये. डी १ हे त्या घरापुरतं नाव आहे; पुढच्या घरात डी १ म्हणजे दुसरंच दार. वर्तुळात लिहायचं ते वर्तुळातच ठेवावं.

*

ए-डॉलर-सी ने सुरू होणारी नावं, पुढे आकड्या-अक्षरांची माळ. ‘पेस्ट ॲज ब्लॉक’ केलं की कॅड स्वतःच असं नाव देऊन मोकळं होतं. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये अशी नावं रांगेने दिसली की समजावं, हे काम डेडलाइनच्या आदल्या रात्रीचं आहे.

*

ॲट्रिब्यूटचे तीन भाग: टॅग, प्रॉम्प्ट, किंमत. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. प्रॉम्प्टकडे फार कुणी लक्ष देत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. नव्याने कामाला लागलेल्या मुलाशी लायब्ररी करणारा माणूस बोलू शकतो तो फक्त त्या एका ओळीतून. तिथे ‘रुंदी टाका’ लिहिलं तर मुलगा विचारात पडतो: चौकटीसकट की आतली? ‘चौकटीची बाहेरून रुंदी, मिमी’ लिहायला दोनच शब्द जास्त लागतात.

*

सुताराचा फोन: “साहेब, तक्त्यात चार हाईत आन् नकाशात पाच. चौकटी किती करू?”

पाचच. असं होतं ते बहुधा कुणीतरी दार जरासं दुरुस्त करायला ब्लॉक एक्सप्लोड केल्यामुळे. फोडताक्षणी ॲट्रिब्यूटची किंमत उडते आणि वर्तुळात ‘डी २’ऐवजी नुसता टॅग दिसतो. मग तो खोडून साध्या टेक्स्टने ‘डी २’ लिहायचं. प्रिंटवर कुणाला कळणार नाही. पण तक्ता बनवणारं डेटा एक्स्ट्रॅक्शन ब्लॉक मोजतं, चार रेषा आणि एक कंस मोजत नाही. ‘बर्स्ट’ने फोडलं तर किंमत मजकूर म्हणून टिकते, एवढाच फायदा. मोजणीतून दार जातं ते जातंच.

*

डायनॅमिक ब्लॉक ऑटोकॅड २००६मध्ये आले. एकच दार ओढून ७५०, ९००, १०००. उजवं-डावं एका बाणावर. सोय मोठी. पण बदल केलेल्या दाराला आतून ‘तारा-यू-१२’ छापाचं निनावी नाव मिळतं. नावावरून मोजणारं जुनं लिस्प रूटीन ती दारं बिनबोभाट गाळतं. ऑफिसात असं रूटीन अजून चालत असेल तर आधी ते तपासावं, मग लायब्ररी बदलावी.

*

घरमालकाला प्लॅनवर सोपा, माजघर, न्हाणी, परडं वाचायला आवडतं. शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं माजघर दुसऱ्याच्या मशीनवर, फॉन्ट नसेल तर, इंग्रजी अक्षरांचा चुरा होऊन उघडतं. युनिकोड आणि मंगल घेतलं की बहुतेक दुखणं जातं. कॅडचे स्वतःचे एसएचएक्स फॉन्ट मराठीच्या कामाचे नाहीत. माझा नियम: ब्लॉकचं नाव आणि टॅग रोमन अक्षरांत, वाचायची किंमत मराठीत.

*

तयार मिळणाऱ्या लायब्ररीत सोफे वीस प्रकारचे. आठ जणांचं जेवणाचं टेबल, गोल पलंग, परदेशी मोटारी. पन्हाळा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घराला लागतं ते वेगळंच: चुलीचा ओटा, बंब, बायोगॅसची टाकी, ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि साधारण १.२ बाय १.७ मीटर जागेत उभी राहणारी गाय. हे ब्लॉक घरीच करावे लागतात. ट्रॅक्टरच्या ब्लॉकमध्ये ट्रॉलीसकट वळणाची रेघही घालावी, न छापल्या जाणाऱ्या लेयरवर. नुसता चौकोन ठेवला तर फाटक अरुंद पडतं आणि ते कळतं पहिल्या मळणीला.

*

कशाला लेबल नको: झाडं, मोटार, सोफा, जेवणाचं टेबल. ज्याची ऑर्डर आपण देणार नाही आणि ज्याच्यासाठी कुणी काही बांधणार नाही, त्याला क्रमांक देऊन नकाशा भरू नये. गाईलाही नको. बायोगॅसच्या टाकीला हवं, कारण खड्डा खणायचा असतो. तुळशी वृंदावनाला हवं, कारण त्याचा चौथरा अंगणाच्या फरशीआधी भरावा लागतो, आणि लेबल नसेल तर गवंडी फरशी घालून मोकळा होतो.