खुर्चीची चाके आणि वैयावृत्त्य

जैन आचारात अंतरंग तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वैयावृत्त्य, म्हणजे रुग्ण, वृद्ध व थकलेल्यांची सेवा, हे गृहस्थालाही नित्य आचरता येण्याजोगे तप आहे. मात्र सेवेला केवळ भावना पुरत नाही, जाणकारीही लागते. व्हीलचेअरचे टायर ही वरवर पाहता क्षुल्लक बाब. परंतु बसणाऱ्याची सुरक्षितता, अंगदुखी आणि घराबाहेर पडण्याची उमेद बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते.

सांगलीतील एका कुटुंबात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींसाठी व्हीलचेअर आणली गेली. खरेदीच्या वेळी गादी पाहिली, किंमत पाहिली. टायरकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. काही महिन्यांनी आजींनी मंदिरात जाणे थांबवले. विचारले की ‘घरीच जाप करते’ एवढेच उत्तर मिळे. पर्युषणात माहेरी आलेल्या लेकीने खरे कारण काढून घेतले. मंदिराच्या उतारावर ब्रेक लावून नातू पादत्राणे काढण्यासाठी क्षणभर बाजूला झाला, तेवढ्यात खुर्ची हातभर मागे सरकली होती. इजा झाली नाही. पण आजींच्या मनात धास्ती बसली, आणि नातवाला बोल लागू नये म्हणून त्या गप्प राहिल्या.

दोष नातवाचा नव्हता, ब्रेकचाही नव्हता. हाताने ढकलण्याच्या बहुतेक खुर्च्यांत ब्रेकचा दांडा थेट टायरवर दाबला जातो. टायरमधील हवा उतरली की हा दाब सैल पडतो आणि लावलेला ब्रेकही चाक धरून ठेवू शकत नाही. शिवाय मऊ टायरची खुर्ची ढकलायला जड जाते.

‘मग भरीव टायरच बसवू, पंक्चरची कटकट नको,’ असे चिरंजीवांचे मत पडले. ते चुकीचे नव्हते. भरीव टायरला हवा लागत नाही, ब्रेकची पकड कायम राहते. गुळगुळीत फरशीवर, घरातल्या घरात वावरणाऱ्यास तो सोयीचा. परंतु तो सहसा जड असतो आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोहोचवतो. हवेचा टायर हादरे गिळतो. बदल्यात नियमित देखभाल मागतो. थोडक्यात, एकात अंग सोसते, तर दुसऱ्यात घरच्यांनी वेळ द्यावा लागतो.

या चर्चेत आजींचे मत अद्याप कोणी घेतले नव्हते. सूनबाईंनी ते विचारले. ‘खड्ड्यांत कंबर दुखते, आणि मला मंदिरात जायचे आहे,’ आजी म्हणाल्या. निर्णय तिथेच झाला. मागे हवेचे टायर राहिले, पुढच्या छोट्या चाकांना भरीव रबर राहिले. आणि दर रविवारी हवा तपासण्याचे काम नातवाने आपल्याकडे घेतले. किती हवा भरायची, तो आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. ज्या घरी हे काम करणारे कोणी नाही, तिथे भरीव टायर निवडण्यात कमीपणा मानू नये.

टायर बदलताना आकार नीट पाहावा. व्हीलचेअरच्या २४ इंची चाकावर बहुधा ‘३७-५४०’ किंवा ‘२५-५४०’ असा आकडा असतो. डोंगरी धाटणीच्या २४ इंची सायकलचा टायर ५०७ मापाचा असतो, तो तिथे बसत नाही. या जोडीतील पहिला आकडा रुंदीचा. अरुंद टायर फरशीवर हलका चालतो, रुंद टायर माती-खडीत कमी रुततो. राखाडी रबराचे काळे डाग फरशीवर उमटत नाहीत, हेही मंदिरात जाणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. आत जाण्यापूर्वी चाके ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छताही राखली जाते.

पुढची लहान चाके फटीत अडकली तर बसणारा पुढे फेकला जाऊ शकतो. मुनिजन ईर्यासमिती पाळताना चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकतात. खुर्ची ढकलणाऱ्यानेही तीच दृष्टी ठेवावी. जीवजंतू वाचतील आणि खुर्चीतील जीवही जपला जाईल. तीव्र उतारावरून उतरताना ढकलणाऱ्याने स्वतः मागे मागे चालत, खुर्ची आपल्या अंगाकडे घेत उतरावे.

मंदिराच्या विश्वस्तांवरही थोडी जबाबदारी आहे. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा उतार असावा, आणि माथ्यावर खुर्ची सपाट उभी राहील एवढी जागा असावी. म्हणजे कोणत्याही आजींना केवळ ब्रेकच्या भरवशावर उतारात थांबावे लागणार नाही.