जागा असल्यास : लेखांक दुसरा

मंगळवार, डोंबिवली.
विमान कंपनीच्या नोकरास जे सवलतीचे तिकीट मिळते ते 'सब्जेक्ट टू लोड' असते. म्हणजे पूर्ण भाडे भरलेला अखेरचा उतारू स्थानापन्न झाल्यावर जे आसन उरेल त्यावर आमचा हक्क, आणि तोही सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने. दिवाळीसाठी आलेली मंडळी परत निघालेली असल्यामुळे लंडनच्या विमानाचा 'लोड' दिवसभर चढतच होता. तरीही शिरस्त्याप्रमाणे टाय बांधून, एकच हातपिशवी घेऊन, रात्रीच्या लोकलने घाटकोपर आणि तेथून रिक्षाने सहार विमानतळ गाठले.

बुधवार, सहार.
"सर, क्लोजिंगनंतर बघू," एवढेच उत्तर. लोकलमध्ये बसलेल्या इसमास "कुठे उतरणार?" असे विचारून आपली जागा आधीच मुक्रर करण्याची जी मुभा आम्हां डोंबिवलीकरांना असते, ती येथे नाही. सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद झाले. माझ्यापुढचे सेवानिवृत्त जोडपे गेले आणि मी राहिलो. नवल असे की आसने रिक्त होती. कारण इंधनाचे. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले होते. आता मधला मुक्कामच उरला नसल्याने सारे इंधन येथूनच न्यावे लागते, त्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, आणि तो ज्या दिवशी जोरात असेल त्या दिवशी वाढीव इंधनाच्या वजनापायी प्रथम गळतो तो आमच्यासारखा फुकट्या. हा न्याय मला तरी रास्त वाटतो.

सकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत पाय पसरून बसलो. शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसे लोंबकळत होती. जिन्यातच शेजारच्या काकांनी गाठले, "काय हो, लंडन आटोपलं इतक्यात?"

गुरुवार, सहार.
आखाती देशातून विमान बदलून जाण्याचीही तजवीज होती. दुसऱ्या कंपनीचे 'झेड फेअर'चे तिकीट त्यासाठीच असते. परंतु तिथून पुढचे विमान भरलेले निघाल्यास ना घर ना घाट, म्हणून तो विचार सोडला. आज पुन्हा काउंटर बंद झाले, पुन्हा यादी निघाली आणि या खेपेस माझे नाव पुकारले गेले. आसन मधले, प्रसाधनगृहालगतचे. शाकाहारी जेवण माझ्यापर्यंत येता येता संपले. हवाईसुंदरीने ब्रेड आणि दही आणून दिले, तेवढ्यावर भागवले आणि उशी मागण्याच्या भानगडीत न पडता झोपलो.
(क्रमशः)