कन्सेंट टर्म्सना वेळ द्या

सहमतीच्या घटस्फोटाचा विषय निघाला की ‘किती दिवसांत होतं?’ हा प्रश्न हमखास येतो. मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि माझं ठाम मत आहे की त्याआधी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या मसुद्यात, काय लिहिलंय हे विचारायला हवं. हिंदू विवाह कायदा 1955 चा, त्यात 13ब हे कलम आलं 1976 च्या दुरुस्तीने. नवरा-बायको वर्षभर वेगळे राहत असतील, एकत्र नांदणं जमत नसेल आणि विवाह संपवायचं दोघांनी ठरवलं असेल, तर दोघांना मिळून अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयाकडे हुकूमनामा मागायचा. आरोप नाहीत, उलटतपासणी नाही. त्यामुळे वकिलाच्या तयार मसुद्यावर दोन सह्या केल्या की संपलं, असं वाटू लागतं आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

संमती म्हणजे त्या दिवशीची सही, असं कायदाही मानत नाही. सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं की संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे. मधल्या काळात दोघांपैकी कुणीही ती मागे घेऊ शकतं. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. एकाने पहिल्याच तारखेला सगळी रक्कम देऊन टाकली किंवा सुरू असलेली तक्रार मागे घेतली, आणि दुसऱ्याने नंतर पाय मागे घेतला, तर? म्हणून काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली हुकूमनाम्याच्या दिवशी डीडीने, स्त्रीधन यादी करून कधी द्यायचं, जुन्या केसेस कोणत्या टप्प्यावर मिटवायच्या, हे सगळं कागदावर हवं. गृहकर्जाचंही तसंच. ‘यापुढे हप्ते तो भरेल’ असं दोघांनी लिहून दिलं तरी बँक त्या अर्जात पक्षकार नसते. सहकर्जदार म्हणून नाव असेल तर हप्ता थकल्यावर ती दोघांकडेही मागणी करणार.

मुलं असतील तर एकेका ओळीचं वजन वाढतं. ‘वडिलांना सोयीनुसार भेटता येईल’ हे वाक्य मसुद्यात सर्रास असतं. सोय कुणाची? दिवाळीची अर्धी सुट्टी कुणाकडे, मे महिना कसा वाटायचा, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, ताप चढला तर रात्री कळवायचं कुणी, यातलं काहीच त्यात नसतं. आज समजूतदारपणे वागणारी दोन माणसं चार वर्षांनी, नव्या संसारात, तशीच वागतील हे गृहीत धरायला मी तयार नाही. मुलाच्या पोटगीवर आईने पाणी सोडायचं, ही अटही मला पटत नाही. तो हक्क मुलाचा आहे, आई-वडिलांना सौद्यात देऊन टाकता येईल असा नाही. कलम 26 खाली न्यायालय मुलांबाबतचे आदेश पुढेही बदलू शकतं.

यावर आक्षेप येतो की इतकं बारीक लिहायला बसलं की मिटलेलं भांडण पुन्हा पेटतं. कधी कधी पेटतं, हे खरं आहे. पण जो मुद्दा लिहिताना भडकतो, त्यावर सहमती झालेलीच नसते. हुकूमनाम्यानंतर त्याचसाठी अंमलबजावणीचे अर्ज करण्यापेक्षा तो आधीच पुढे आलेला बरा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आधीच होरपळलेल्या माणसांना आणखी का ताटकळत ठेवायचं? त्यांना ताटकळत ठेवू नये, या मताची मीही आहे. अमरदीप सिंग खटल्यात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची अट बंधनकारक नसल्याचं म्हटलं, तो दिलासाच होता. मात्र त्या निकालातल्या अटी वाचाव्यात. पहिल्या अर्जापूर्वीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, ताबा, इतर वाद खरोखर मिटलेले असावेत. म्हणजे ज्यांनी टर्म्सवर आधी मेहनत घेतली, त्यांनाच मुदतमाफीचा अर्ज नीट करता येतो. कच्च्या टर्म्स घेऊन ही सवलत मागणाऱ्यांना न्यायालयाने थांबवलं, तर मी न्यायालयाच्या बाजूने आहे.

दोघांना मिळून एकच वकील पुरतो, खर्च वाचतो, असंही सांगतात. अर्ज लिहायला पुरेल. पण ज्याच्या हातात पैसा आणि घराची कागदपत्रं आहेत, त्यानेच आणलेला वकील दुसऱ्याला त्याचे हक्क किती समजावणार? संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली नाही याची खात्री कलम 23 प्रमाणे न्यायालयाला करावीच लागते. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकही दोघांशी बोलतात. तिथे ‘सगळं मान्य आहे’ एवढंच म्हणून उठायचं नसेल, तर टर्म्सची प्रत सहीपूर्वी घरी आणून, स्वतंत्र वकिलाला एकदा तरी दाखवून, दोघांनी वेगवेगळी वाचायला हवी.