चौबाऱ्याच्या पुढची गल्ली

लग्न होऊन बीदरला आले, तरी कितीतरी वर्षं मी चौबारा रिक्षातूनच बघितला. पाहुणे आले की त्या गोल, उंच बुरुजाला वळसा घालायचा, महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा दाखवायचा, किल्ला फिरवायचा आणि घरी. सिद्दीक तालमीकडच्या गल्ल्यांत कोण शिरतंय? "तिकडं काय हाय, नुसती ठोकाठोकी," सासूबाई म्हणायच्या.

त्या गेल्यावर त्यांचा बिदरी करंडा माझ्याकडं आला. काळ्याचं करडं झालेलं, चांदीची एक तार उचकटलेली. पिशवीत घालून एका दुपारी निघाले.

ठोकाठोकी होतीच. दारादारांत माणसं बसलेली, छिन्नीनं कोरलेल्या रेघेत चांदीची तार हळूहळू ठोकत. शेजारून शाळा सुटलेली पोरं, भज्यांचा गाडा, मोटारसायकलींचे हॉर्न. कुणाची नजर हलत नव्हती. बिदरीत चांदी थोडीच, खरं भांडं जस्ताचं. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. आणि तो काळा रंग लावलेला नसतो, माती आणते. किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापल्या भांड्यावर चोळायची. जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते. माती बरोबर आहे का, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात! मातीत पृथ्वीकाय जीव असतात, हे ऐकत वाढलेली मी. अंगावर काटाच आला. पण मातीची एवढी चौकशी आमच्यात तरी कोण करतं?

एका म्हाताऱ्या कारागिरानं करंडा उलटा करून बघितला. "ये तो हमारे घर का काम है, बाई." तार बसेल, म्हणाले, रंगही येईल. मग माझ्याकडं नीट बघून विचारलं, "वो अम्मा नहीं आए?"

मला काही सुचेना. दर तीन-चार वर्षांनी सासूबाई काळं करून घ्यायला इथं यायच्या म्हणे, याच कट्ट्यावर बसायच्या. घरी कधी बोलल्या नाहीत.

गेल्या, एवढंच सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली. थोड्या वेळानं पोराला चहा सांगायला लागले. मी नको म्हटलं, ऊन उतरलंय, अंधाराआधी जेवायचं असतं आमच्यात.

"हौ, मालूम है," ते म्हणाले. "वो भी ऐसाच सूरज देख के उठते थे."