भोरचे पाणी : राजवाडा, टाकी आणि वर्षातून एकदा वर येणारे देऊळ (थ्रेड)

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर वायादोलिद नावाचे जुने स्पॅनिश वसाहतीचे शहर आहे. १५४५ साली ते साकी या माया वस्तीच्या जागी वसवले गेले. शहराच्या मध्यातच चुनखडीचे छत कोसळून झालेले पाण्याचे विवर आहे. त्याला तिकडे ‘सेनोते’ म्हणतात. प्रवासी सकाळी चर्च पाहतात आणि दुपारी गुहेत पोहतात.

पुण्याहून असा दिवस काढायचा तर भोर-वेल्हे गाठावे. फरक मात्र मुळातच आहे. चुनखडी पाण्यात विरघळते आणि गुहा आपोआप घडते. सह्याद्रीचा काळा पाषाण विरघळत नाही. येथे गुहेतले पाणी हवे असेल तर छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो.

पहिला मुक्काम भोरचा राजवाडा. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले आणि त्यांच्या वंशजांचे, पंतसचिवांचे, संस्थान येथे नांदले. आजचा वाडा एकोणिसाव्या शतकातला. लाकडी खांब, चौक, सज्जे यांमुळे चित्रपटवाल्यांचा तो लाडका झाला आहे. पण शंकराजींची खरी कथा वाड्यात नाही, ती जवळच्या अंबवड्यात आहे. १७०७ साली शाहू महाराज परत आले तेव्हा ताराबाईंना दिलेले वचन मोडायचे, की छत्रपतींच्या नातवाविरुद्ध उभे राहायचे, या कात्रीत सापडलेल्या या मुत्सद्द्याने स्वतःचे जीवन संपवले. नागेश्वराच्या देवळापाशी त्यांची समाधी आहे. वाड्यापुढे छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात.

दुपारी वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. राजगडावर सुमारे पाव शतक राजधानी होती आणि एवढी माणसे वर राहिली ती पाण्याच्या बळावर. पद्मावती माचीवर बांधीव तलाव आहे, बालेकिल्ल्यावर चंद्रतळे. बाकी ठिकठिकाणी खडकात खोदलेली टाकी. यात एक हिशोबी शहाणपण होते : टाके खोदताना निघालेला दगड तटबंदीला, आणि उरलेल्या पोकळीत पावसाळ्याचे पाणी. एका श्रमात दोन कामे. या पाण्यात उतरू नये, हे वेगळे सांगायला नको. ते पिण्यासाठी राखलेले आहे.

संध्याकाळी भाटघर. इथे वसाहतकाळ सरळ समोर उभा राहतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा कालव्याचे काम हाती घेतले. त्यासाठी आधी ‘लेक व्हायटिंग’ झाले आणि १९२८ साली त्याहून मोठे लॉइड धरण. नाव मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे, जमीन भोर संस्थानची. क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी. पाणी अडले मावळात, ऊस मात्र वाढला बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या सपाटीवर. वेळवंडीचे खोरे पाण्याखाली गेले. याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे येसाजी कंक. आज जलाशयाला त्यांचे नाव आहे, आणि लॉइडसाहेबापेक्षा ते अधिक शोभते.

या पाण्यात एक देऊळ आहे, कांबरेश्वराचे. वर्षातले बहुतेक महिने ते बुडालेले असते. धरणाचे पाणी कालव्यांना सोडून सोडून उतरले की उन्हाळ्याच्या अखेरीस आधी वरचे चुन्या-विटांचे काम, मग दगडी भिंती, आणि शेवटी महादेवाची पिंड उघडी पडते. गावकरी ते पांडवकालीन सांगतात. महाराष्ट्रात जुन्या देवळांना हे बिरुद फार सढळ हाताने मिळते. पण जे धरणाने बुडवले त्याला भेटायला त्या दिवसांत आसपासच्या गावांतली माणसे येतात, हे मात्र खरे.

जायचे असेल तर मे महिना उत्तम. पोहण्याचा मोह टाळावा. वरून वाळलेला दिसणारा काठचा गाळ आतून मऊ असतो आणि धरणाचा तळ एकाएकी खोल जातो. जूनचा पाऊस लागला की काही आठवड्यांतच देऊळ पुन्हा पाण्याखाली जाते.